आठ महिने कॉन्टॅक्ट ट्रेसिंग ॲप वापरतोय, प्रायव्हसीचं नक्की काय होतं?

कोरोना झालेल्या कुणाच्या जवळ आपण होतो का ते कळवणारं हे ॲप जून २०२० पासून रोज चालू आहे, ब्लूटूथ एकदाही बंद केलं नाही, म्हणून आता, फेब्रुवारी २०२१ मध्ये, सविस्तर लिहितो. गूगल आणि ॲपलने मिळून मे २०२० मध्ये जी सिस्टीम आणली तिच्यावर चालणारं हे ॲप आहे.

पहिल्याच दिवशी खटकलं ते लोकेशनचं. ॲप म्हणतं आम्ही लोकेशन घेत नाही आणि फोन म्हणतो लोकेशन ऑन करा, मग माणसाने समजायचं काय? दोन दिवस वाचत बसलो तेव्हा कळलं की अँड्रॉइडवर ब्लूटूथ स्कॅनिंग त्या बटणाला बांधलेलं होतं, अँड्रॉइड ११ पासून या ॲप्सपुरती ती अट निघाली. हे पहिल्या स्क्रीनवर दोन ओळीत सांगायला पाहिजे होतं, कारण आईने तिथूनच ॲप काढून टाकलं आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आतलं काम मात्र पटलं. फोन एक रँडम कोड सोडत राहतो, तो दर १०-२० मिनिटांनी बदलतो, आजूबाजूचे फोन तो टिपून ठेवतात, कुणी पॉझिटिव्ह निघालं आणि त्याने स्वतःहून कळवलं तरच त्याच्या कीज (ज्यांच्यापासून हे कोड बनतात ते रँडम आकडे) सर्व्हरवर जातात, आणि जुळवाजुळव होते ती आपल्याच फोनमध्ये. नाव, नंबर, जागा काहीच नाही. सेटिंगमध्ये मागच्या १४ दिवसांच्या तपासण्या दिसतात, कधी तपासलं, किती कीज, किती मॅच. रोज झोपायच्या आधी बघायचो, मॅच शून्य दिसलं की हायसं वाटायचं.

डिसेंबरमध्ये अलर्ट आला. नुसती तारीख, बाकी काही नाही. आणि त्या दिवशी तर मी घराबाहेरच पडलो नव्हतो! ब्लूटूथ भिंतीतून जातं, अंतर फक्त सिग्नलच्या जोरावरून ठरतं, त्यामुळे बहुतेक भिंतीपलीकडचं कुणीतरी असणार. चार दिवस वेगळ्या खोलीत काढले, टेस्ट निगेटिव्ह आली. कोण होतं ते कळावं असं तेव्हा फार वाटलं, चिडचिडही झाली, पण उद्या मी पॉझिटिव्ह आलो तर माझंही नाव असंच झाकलेलं राहावं ही माझीच इच्छा आहे ना.

ज्यांना प्रायव्हसीची ही एवढी काळजी अती वाटते त्यांनी सिंगापूर सरकारचं असंच ॲप, ट्रेसटुगेदर, बघावं. डेटा फक्त ट्रेसिंगसाठी वापरू असं लोकांना सांगितलं होतं, आणि जानेवारी २०२१ मध्ये संसदेत कळलं की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीस तो मागू शकतात. लोक चिडले, मग फेब्रुवारीत कायदा करून सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता वापर ठेवला. तिथे सर्व्हरवर पाठवलेल्या डेटातून माणूस ओळखता येत होता म्हणून मागता आला, माझ्या ॲपमध्ये देण्यासारखं काही जमाच होत नाही, हा फरक माझ्यासाठी सगळ्यात मोठा आहे.

आईला हे नीट बसून समजावलं, तिने परत टाकलंय. साथ संपल्यावर हे ॲप कधी बंद होणार, सर्व्हर कधी पुसणार, हे मात्र आतमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. एक स्टार त्याचा कापलाय.