जुने स्की बूट घेताय? आधी आतला लायनर बाहेर काढून बघा

गुलमर्ग, औली, सोलंग ही नावं आता नाशिकच्या ट्रेकिंगवाल्या पोरांच्या तोंडी सर्रास असतात. हरिहर झाला, अंजनेरी झाला, साल्हेर झाला, की बर्फ खुणावायला लागतो. आणि बर्फाचं सामान नवं घ्यायचं म्हटलं की आकडे ऐकूनच माणूस जुन्याकडे वळतो. जुनं घेण्यात वाईट काहीच नाही. पण हे हेरून शहरात काही विक्रेतेही तयार झालेत. त्यांतल्या एकाने माझ्या पुतणीच्या गळ्यात जे बूट मारले, त्यांच्यामुळे तिचा गुडघा दुखावला. पैसे ८,००० गेले, ते गेलेच. पोरीच्या जिवाशी झालेला खेळ मला सहन होत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त काही वर्षं जर्मनीत होता. परत येताना त्याने आपले स्कीबोर्ड आणले आणि पुतणीला देऊन टाकले. स्कीबोर्ड म्हणजे आखूड स्की. लांबी मीटरभराच्या आत, दोन्ही टोकं वर वळलेली, हातात काठ्या लागत नाहीत. वळवायला सोपे, त्यामुळे शिकणाऱ्यांना आवडतात. नावात बोर्ड असला तरी आमच्या बाइंडिंगला, म्हणजे बूट बोर्डवर अडकवणाऱ्या पकडीला, स्नोबोर्डचे मऊ बूट चालत नाहीत. स्कीचे कडक प्लॅस्टिकचे बूटच लागतात. भावाने देतानाच बजावलं होतं, "लांब स्कीची बाइंडिंग पडल्यावर सुटते, ही सुटत नाही. पाय पिळला तर सगळा पीळ थेट नडगीत आणि गुडघ्यात जातो. बूट पायाला बसले नाहीत तर हिला यावर उभी करू नका."

म्हणजे बुटांची काळजी आम्ही पहिल्यापासून घेत होतो. नवे बूट पंचवीस-तीस हजारांच्या घरात जात होते. भाड्याचे गुलमर्गला मिळतात, पण हिचा पाय लहान आणि रुंद, तिथे तसं माप मिळेलच याची खात्री नव्हती. मग जुन्या सामानाच्या एका जाहिरातीत हवे ते दिसले. ‘इम्पोर्टेड स्की बूट, फक्त दोन सीझन वापरलेले, साइज २४.५, नाशिक.’

स्की बुटाचं माप आपल्या ७-८ नंबरासारखं नसतं. मोंडोपॉइंट म्हणतात त्याला. पायाची सेंटिमीटरमधली लांबी, तेच माप. भिंतीला टाच टेकवून उभं राहायचं आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजायचं. पुतणीचा पाय २४ च्या किंचित आत भरला. म्हणजे २४.५ बरोबर, असं भावानेही फोनवर सांगितलं.

विक्रेत्याने पाथर्डी फाट्याच्या बाजूला एका गाळ्यावर बोलावलं. आत ट्रेकिंगच्या सॅक, स्लीपिंग बॅग, दोरांची भेंडोळी, भिंतीवर बर्फाचे फोटो. बोलायला अतिशय गोड. मला दादा, पुतणीला ताई. आपण मनालीला बरीच वर्षं काम केलंय, असं सांगत होता. बूट काळे कुळकुळीत, चकाचक. आत लेबल, त्यावर २४.५.

पुतणीने आतला मऊ बूट, म्हणजे लायनर, बाहेर काढायला हात घातला तर त्याने हात धरला. "ताई, तो काढू नका. हीट मोल्ड केलेला आहे, एकदा काढला की आकार जातो." हे त्याचं सगळ्यात मोठं खोटं होतं. लायनर काढण्यासाठीच असतो. बर्फात दिवसभर फिरल्यावर तो रोज काढून वाळवावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी ओल्या बुटात पाय गारठतात. गरम करून पायाच्या आकाराला बसवलेला असला तरीही काढल्याने त्याचं काही बिघडत नाही.

मग त्याने लोकरीचे जाड मोजे दिले, एकावर एक दोन. "बर्फात पाय फुगतो, मोजे जाडच लागतात." हेही खोटं. स्की बुटात एकच, आणि तोही पातळ, लांब मोजा घालतात. जाड मोजे घातले की सैल बूटही घट्ट वाटतो. नेमकं तेच त्याला हवं होतं. बकलही त्याने स्वतः लावून दिले, करकचून. बुटावर १२० आकडा होता, फ्लेक्सचा. तो म्हणाला, "आकडा जेवढा मोठा तेवढा बूट भारी." फ्लेक्स म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक आहे ते. नवशिक्या मुलीला ५० ते ७० च्या आसपासचा पुरतो. १२० चा बूट तिच्या वजनाने वाकणारच नाही, आणि बूट वाकला नाही तर गुडघे पुढे नेऊन वळणं घेता येत नाहीत. पण समोरचा इतक्या ठामपणे बोलत असतो की त्या क्षणी त्याचंच खरं वाटावं.

साडेनऊ सांगितले, आठला तोडले. पैसे यूपीआयने, तेही स्वतःच्या नव्हे तर ‘मेहुण्याच्या’ नंबरवर. बिल मागितलं तर म्हणाला, घरगुती व्यवहार आहे दादा, बिल कसलं.

गुलमर्गला तिथल्या दुकानदाराने बूट ठेवून बाइंडिंग जुळवून दिली. नवशिक्यांचा उतार म्हणजे उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात तेच मैदान, फार तीव्र नाही. सुरुवातीला पोरगी मजेत होती. थोड्या वेळाने म्हणायला लागली, "काका, टाच आत वर उचलली जातेय." बकल आणखी आवळले, तरी तेच. ती पाय वळवायची, पण बोर्ड मागाहून वळायचा. बूट बदलायला खाली यायचं ठरवलं, आणि त्याच उतारावर एका वळणावर उजव्या बुटाची पुढची कड, जी बाइंडिंगच्या कडीत अडकते, ती कटकन तुटली. उजवा पाय सुटला, डावा बोर्डला जखडलेलाच राहिला आणि ती त्याच्यावर पिळवटून पडली. डावा गुडघा. लिगामेंट ताणलं गेलं, फाटलं नाही, एवढंच नशीब. पण पुढचे कित्येक आठवडे पट्टा आणि फिजिओथेरपी.

नाशिकला आल्यावर मी ते बूट आमच्या शेजाऱ्यांकडे नेले. ते अंबड एमआयडीसीत प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात टूलरूमला आहेत, सगळी हयात साच्यांत गेलेली. त्यांनी पहिल्यांदा लायनर उपसून काढला. काही झालं नाही त्याला, सहज निघाला. खाली इनसोलच्या तळाशी गादीच्या स्पंजचे दोन थर कापून चिकटवलेले, टाचेमागे आणखी एक. बर्फाच्या ओलाव्याने ते चपटे झाले होते. टाच का उचलली जात होती, ते तिथेच दिसलं. २४.५ चं लेबल लायनरच्या मूळ शिवणीत नव्हतंच, वरून चिकटवलेलं होतं.

मग त्यांनी टाचेच्या बाहेरच्या बाजूला नखाने खरवडलं. काळा रंग निघाला, खाली पुट्टी निघाली, आणि पुट्टीखाली प्लॅस्टिकमध्ये उठवलेला आकडा: ३०५ मिमी. ही बुटाच्या सोलची लांबी. प्रत्येक स्की बुटाच्या टाचेपाशी ती असते, बाइंडिंग तिच्यावरूनच जुळवतात. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, पण २४.५ च्या बुटाला ती साधारण २८५ च्या आसपास असते. ३०५ म्हणजे २६.५ चा बूट. दोन पूर्ण मापं मोठा! लेबल बदलता येतं, साच्यातून आलेला आकडा बदलता येत नाही, म्हणून त्याने तो बुजवला होता.

शेलच्या, म्हणजे बाहेरच्या कडक प्लॅस्टिकच्या बुटाच्या, आतल्या बाजूला त्यांनी मला बॅटरी मारून एक गोल चिन्ह दाखवलं, घड्याळाच्या तबकडीसारखं. कडेने १ ते १२ आकडे, मधे बाण, बाणाच्या दोन बाजूंना ० आणि ४. "हे आम्हीपण आमच्या मालावर टाकतो. बाण महिना दाखवतो, मधला आकडा वर्ष." म्हणजे ‘दोन सीझन वापरलेला’ बूट २००४ सालचा होता. तुटलेल्या कडेला जुन्या चिरेत भरलेला एपॉक्सी स्पष्ट दिसत होता, आजूबाजूचं प्लॅस्टिक खडूसारखं भुरभुरीत. त्यांनी कारणही सांगितलं. हे बूट बहुतेक पॉलियुरेथेनचे. हवेतला ओलावा वर्षानुवर्षं आत शिरून त्या प्लॅस्टिकच्या साखळ्या तोडत राहतो. बूट नुसता खोक्यात पडून असला तरी ही झीज थांबत नाही. ज्यांच्या ट्रेकिंग बुटांचा सोल दोन-चार पावसाळे माळ्यावर काढून नंतर गडाच्या वाटेवर अख्खाच्या अख्खा निघून आलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की तिथे चालत घरी येता येतं.

विक्रेत्याचा फोन बंद. गाळा बंद. शेजारच्याने सांगितलं की गाळा महिन्याच्या भाड्याने होता. यूपीआयच्या खात्यावरचं नाव तिसऱ्याच माणसाचं निघालं. आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट, बुटाचे फोटो, डॉक्टरांचे कागद, सगळं जोडलं. पैसे अजून मिळालेले नाहीत. यूपीआयने पैसे गेले असतील आणि फसवणूक लगेच कळली असेल, तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. समोरच्या खात्यातली रक्कम गोठवायला मिळणारा वेळ फार थोडा असतो. आमच्या बाबतीत बूट बर्फावर जाईपर्यंतच बरेच दिवस निघून गेले होते. तो माणूस याच हिशोबावर जगतो. नाशिकमध्ये बर्फ नाही, त्यामुळे खोट उघडी पडते ती दोन हजार किलोमीटरवर.

म्हणून बूट इथेच, पैसे देण्याआधी पारखायचे. लायनर काढा आणि नुसत्या प्लॅस्टिकच्या शेलमध्ये पातळ मोज्यावर पाय घाला. बोटं पुढे हलकेच टेकवा आणि टाचेमागे किती जागा राहते ते पाहा. एक ते दोन बोटं मावली, म्हणजे सेंटिमीटर ते दोन सेंटिमीटर, तर माप ठीक. तीन बोटं सहज गेली तर बूट मोठा आहे, लेबल काहीही म्हणो. नंतर लायनर परत घालून बकल लावा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे शिवायला हवीत, गुडघे वाकवले की किंचित मागे यायला हवीत, आणि टाच जागची हलता कामा नये. पंधरा-वीस मिनिटं पायात ठेवूनच ठरवा. जुन्या बुटाचा लायनर आधीच दबलेला असतो, पुढे आणखी सैल होणार, त्यामुळे ‘आरामदायक वाटतंय’ यावर जाऊ नका. रुंद पाय असेल तर शेलची रुंदीही विचारा. ९८ मिमी म्हणजे अरुंद, १०० च्या आसपास मध्यम, १०२ च्या पुढे रुंद.

शेल उजेडात धरून बकलच्या रिबिटांभोवती आणि पुढच्या-मागच्या कडांवर बारीक पांढऱ्या चिरा शोधा. ताजा रंग दिसला तर तो का मारलाय ते विचारा. मिलिमीटरचा आकडा टाचेपाशी सापडलाच पाहिजे. आणि लायनर काढू न देणाऱ्याकडे एक मिनिटही थांबू नका.

अगदी पहिल्यांदा जाणाऱ्यांना तर बूट विकत घ्यायची गरजही नसते. गुलमर्गची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग, औलीला गढवाल मंडल विकास निगम आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची पर्वतारोहण संस्था यांच्या प्राथमिक कोर्समध्ये स्की आणि बूट संस्थेकडूनच मिळतात. तिथे निरनिराळी मापं पायात घालून बघता येतात, आपल्याला कोणतं बसतं ते नीट कळतं. मग स्कीबोर्ड घ्या, जुने बूट घ्या, काय हवं ते घ्या. पुतणीही बरी झाली की आधी असा कोर्सच करणार आहे.

मागच्या आठवड्यात एका ओळखीच्या मुलाने मला नवी जाहिरात पाठवली. नाव वेगळं, नंबर वेगळा, पण मागची भिंत आणि तिच्यावरचे बर्फाचे फोटो तेच. या वेळी मरून रंगाचे बूट आहेत, साइज २६.५ लिहिलंय, आणि सोबत ‘एकदाच वापरलेले’ ट्रेकिंग शूजही आहेत. ती जाहिरात मी तक्रारीला जोडली आहे. तुमच्याकडे आली तर पैसे पाठवू नका. स्क्रीनशॉट काढा आणि नंबर पोलिसांना द्या.