अश्व-हर्पिसची पीसीआर तपासणी : लोहा तालुक्यातील एका पागेचा अभिप्राय

घोड्यांमधील हर्पिस विषाणूची पीसीआर तपासणी करून देणाऱ्या पुण्यातील एका खाजगी प्रयोगशाळेची सेवा आम्ही गेल्या हिवाळ्यात घेतली. माळेगावच्या यात्रेतून आणलेल्या शिंगराला ताप आला व नाक वाहू लागले, आणि काही आठवड्यांनी गाभणपणाच्या दहाव्या महिन्यातली एक घोडी कसलेही लक्षण न दाखवता गाभडली. उरलेल्या गाभण घोड्यांचे काय करायचे, हा प्रश्न असल्यामुळे निदान लवकर हवे होते.

तपासणी म्हणून हिला तोड नाही. पूर्वी हा विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर वाढवून पाहावा लागे, त्यात कित्येक दिवस, कधी आठवडे जात. पीसीआरमध्ये विषाणूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा अनेक पटींनी वाढवून ओळखला जातो. नमुना यंत्रात गेल्यावर काही तासांत उत्तर मिळते. आम्हाला ते नमुना पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मिळाले.

मात्र सारी भिस्त नमुन्यावर असते. आमच्या पशुवैद्यकांनी शिंगराच्या नाकपुडीत लांब प्लास्टिक दांडीचा पॉलिस्टरचा बोळा खोलवर फिरवला, कारण लाकडी काडीमुळे पीसीआरच्या क्रियेत अडथळा येऊ शकतो. आणि सोबत जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त साकळू न देणारे रसायन) नळीत रक्त घेतले. पडलेल्या गर्भाच्या फुफ्फुस, यकृत, प्लीहा व थायमस (छातीतील एक ग्रंथी) यांचे तुकडे वेगवेगळ्या डब्यांत भरले. रक्त थंड ठेवायचे, पण त्याचा बर्फ होऊ द्यायचा नाही, म्हणून नळी कागदात गुंडाळून बर्फाच्या पिशव्यांपासून अंतरावर ठेवली आणि खोका नांदेडहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने रवाना केला. यातील एकही सूचना प्रयोगशाळेच्या पत्रकात नव्हती. जाणकार पशुवैद्यक हाताशी नसणाऱ्याने काय करावे?

दुसरी तक्रार अहवालाची आहे. पहिल्या अहवालात ‘हर्पिस विषाणू आढळला’ एवढीच ओळ होती. घोड्यांत या विषाणूचे अनेक प्रकार आहेत : प्रकार १ गाभण घोडीचा गर्भ पाडतो आणि कधी मज्जासंस्थेवरही हल्ला करतो, प्रकार ४ मुख्यतः लहान शिंगरांना सर्दी-खोकला देतो, तर २ व ५ हे प्रकार धडधाकट घोड्यांतही सापडतात. शिवाय एकदा शिरलेला हर्पिस शरीरात सुप्तावस्थेत राहतो. त्यामुळे प्रकार आणि सीटी हा आकडा, जो जितका कमी तितका विषाणू जास्त, अहवालात नसेल तर त्यावरून निर्णय घेता येत नाही. फोनवर आग्रह धरल्यावर सुधारित अहवाल मिळाला : प्रकार १, आणि गर्भाच्या फुफ्फुसात सीटी अगदी कमी. ही माहिती मागावी लागू नये.

मज्जासंस्थेला बाधणाऱ्या वाणाची जनुकीय खूण शोधण्याची जादा शुल्काची चाचणीही त्यांनी सुचवली. आम्ही ती नाकारली. ही खूण नसलेले विषाणूही घोड्यांना लुळे करू शकतात, आणि खूण सापडो वा न सापडो, घोडी अलग ठेवणे व सकाळ-संध्याकाळ ताप मोजणे यांत फरक पडत नाही. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे २०२१ मध्ये स्पर्धेसाठी जमलेल्या घोड्यांत पसरलेल्या साथीने मज्जासंस्थेच्या या आजाराचे गांभीर्य जगाला दाखवले, म्हणून विलगीकरणात हयगय नको.

एका नकारात्मक अहवालावर विसंबू नये, हेही सांगतो. विषाणू नाकातून सतत बाहेर पडत नाही. ताप असतानाच बोळा व रक्त दोन्ही पाठवावे आणि शंका राहिल्यास काही दिवसांनी पुन्हा तपासावे. प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, पाहायची असतील तर दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले रक्तजलाचे दोन नमुने लागतात. घोड्यांच्या रोगांसाठी हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहेच.

वेग आणि अचूकता यांसाठी ही सेवा मी पुन्हा घेईन. शिंगराच्या किमतीपुढे शुल्क नगण्य आहे. पण परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये असताना मराठवाड्यातील नमुना पुण्यापर्यंत का न्यावा लागावा? निदान माळेगावच्या यात्रेपुरते तरी नमुने घेण्याचे केंद्र तिथे उभारावे, ही माझी कळकळीची मागणी आहे.