लादी चकाकवणारे हातयंत्र आणि आमच्या घरी झालेली फसवणूक

डोंबिवलीतील जुन्या इमारतींमध्ये लाद्यांना मेण लावून पॉलिश करणारे एक हातयंत्र दारोदार फिरून विकले जात आहे. माझ्या आईवडिलांना ते साडेचार हजार रुपयांना विकले गेले. यंत्र निरुपयोगी निघाले एवढ्यावरच हे थांबले असते तर मी कदाचित लिहिले नसते. परंतु त्यासोबत दिलेल्या मेणामुळे वडील घरातल्या घरात घसरले आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी वापरलेल्या द्रवामुळे लादीचे कायमचे नुकसान झाले. ज्यांच्या घरी वयस्कर माणसे दिवसभर एकटी असतात त्यांनी हा सगळा प्रकार तपशिलाने समजून घ्यावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आईवडिलांचे घर १९८० च्या दशकातील इमारतीत आहे आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे सर्व खोल्यांत मोझॅक लाद्या आहेत. सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा बसवून केलेली ही लादी मुळात फार टिकाऊ असते, पण वर्षानुवर्षांच्या वापराने तिची चमक जाते आणि ती कितीही पुसली तरी मळकटच दिसते. तिला पुन्हा चमक आणायची तर विजेचे मोठे यंत्र आणून, पाणी सोडत, कार्बोरंडम या कठीण पदार्थाच्या दगडांनी आधी जाड, मग बारीक अशी घासाई करावी लागते आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडरचा हात द्यावा लागतो. त्यासाठी कपाटे, पलंग हलवावे लागतात, भिंतीच्या खालच्या भागावर राडा उडतो आणि घर काही दिवस राहण्यासारखे उरत नाही. या वयात तो व्याप नको म्हणून आई हे काम पुढे ढकलत आली होती. विक्रेते नेमके हेच ओळखून येतात. धूळ नाही, पाणी नाही, सामान हलवायला नको, वीजही नको आणि बसल्या जागी चमक, असे त्यांचे बोलणे असते आणि ज्याची गरज खरी असते त्याला ते पटते. म्हणून ‘म्हातारी माणसे भोळी असतात’ असे म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. आईने बाजारात कधी एक पैसाही वाया घालवलेला नाही. तिच्यासमोर जे उभे केले गेले तो विचारपूर्वक रचलेला बनाव होता.

दुपारच्या सुमारास दोन तरुण आले. गळ्यात ओळखपत्रे होती, अंगात छापील टी-शर्ट होते आणि हातात सोसायटीच्या सचिवांच्या सहीचे म्हणून दाखवलेले परवानगीपत्र होते. ते पत्र खोटे असल्याचे सचिवांनी नंतर सांगितले. ‘काकू, घ्यायचं काहीच नाही, फक्त डेमो बघा, आम्हाला कंपनीत तेवढी नोंद दाखवावी लागते,’ असे म्हणून ते आत आले. बोलणे अतिशय आदबीचे होते. चपला बाहेर काढणे, पाणी मागून घेणे, वडिलांच्या गुडघ्याची चौकशी करणे, असे सगळे त्यात होते.

प्रात्यक्षिकाचा क्रम मी दोनतीनदा विचारल्यावर आईने मला नीट सांगितला आणि तोच इथे महत्त्वाचा आहे. त्यांनी दरवाजाजवळची, सर्वांत मळलेली लादी निवडली. तिच्यावर एका कोऱ्या, चिठ्ठी नसलेल्या बाटलीतून द्रव फवारला. लादीवर बारीक पांढरा फेस आला. ‘बघा, इतक्या वर्षांचा मळ कसा वर येतोय,’ असे ते म्हणाले. फडक्याने तो पुसून दुसऱ्या बाटलीतला तेलकट द्रव टाकला आणि मग त्यावर यंत्र मागेपुढे फिरवले. शेवटी मऊ कापडाने पुसल्यावर ती एकच लादी शेजारच्या लाद्यांच्या तुलनेत गडद आणि लखलखीत दिसू लागली. यंत्र उलटे धरून, चाक हाताने फिरवून, खालचे दोन गोल ब्रश कसे गरगर फिरतात तेही त्यांनी दाखवले.

यानंतरचा भाग झटपट उरकण्यात आला. खोक्यावरची किंमत ९,९९० रुपये, आजच्या दिवसापुरती ४,५००, सोबत मेणाचे तीन डबे आणि वर्षभर घरी येऊन मोफत सेवा. वरच्या मजल्यावरच्या काकांनी आत्ताच एक घेतले, असेही सांगितले. त्या काकांना मात्र आमच्या घरी घेतल्याचे सांगण्यात आले होते आणि त्या वेळी ते दोघे आमच्याकडे पोहोचलेलेही नव्हते. वडिलांनी यूपीआयने पैसे पाठवले ते एका व्यक्तीच्या खात्यात गेले, कंपनीच्या नाही. छापील पावती मिळाली आणि तिच्यावर भिवंडीचा पत्ता, एक मोबाइल क्रमांक आणि जीएसटी क्रमांक होता.

आईने सांगितल्याप्रमाणे बैठकीच्या खोलीला मेण लावले. चमक आलीच नाही. उलट जमीन चिकट झाली, तिच्यावर पावलांचे ठसे उमटू लागले, धूळ आणि केस त्यात अडकू लागले आणि ये-जा होते त्या पट्ट्यात काळपट थर धरला. काही भाग चिकट आणि काही भाग निसरडा, अशी विचित्र अवस्था झाली. ओल्या पायांनी न्हाणीघरातून बाहेर येताना वडिलांचा पाय सरकला, त्यांनी चौकटीला धरले म्हणून डोके वाचले, पण मनगट मुरगळून सुजले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ काय होऊ शकला असता, हे मी वेगळे सांगायला नको.

मी यंत्राचे स्क्रू काढून ते उघडले. बाहेरून जड वाटणाऱ्या बुडाच्या प्लॅस्टिकच्या आवरणात सिमेंटचा एक ओबडधोबड गोळा ओतलेला होता आणि तोही एका बाजूला, त्यामुळे दाब दोन्ही ब्रशांवर सारखा पडणे शक्यच नव्हते. चाकाची गती ब्रशांपर्यंत नेण्यासाठी एक साधे रबरी कडे होते, दाते असलेली चक्रे नव्हतीच. यंत्र हवेत उलटे धरले की ब्रशांना अडथळा नसतो, म्हणून ते सुरेख फिरतात. जमिनीवर टेकवून ढकलले की घर्षणापुढे ते कडे निसटते, चाक फिरत राहते आणि ब्रश जागच्या जागी थांबून नुसते फरफटत जातात. मी खडूने ब्रशाच्या कडेवर खूण करून हे तपासले. चाकाचे फेरे होत होते आणि खूण जिथल्या तिथे होती. मेणाची टाकी म्हणून दाखवलेल्या भागाची खटकी दाबली तरी न दाबली तरी मेण झिरपतच होते.

मेण लावून हाताने घासण्याची साधने मुळात खोटी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. युरोपात लाकडी जमिनींना मेण लावण्याची जुनी पद्धत आहे आणि त्यासाठी लांब दांड्याच्या टोकाला सांध्याने जोडलेला जड लोखंडी ठोकळा, त्याखाली दाट केसांचा ब्रश किंवा नमदा (दाबून केलेले जाड लोकरी कापड), अशी साधने वापरली गेली. त्यांचे काम अगदी सरळ आहे. टर्पेंटाइनसारख्या द्रावकात मिसळलेले मेण अतिशय पातळ थरात लावायचे, द्रावक उडून जाईपर्यंत थांबायचे आणि मग वजनाखाली घासायचे. घासताना येणाऱ्या उबेने मेण किंचित मऊ होऊन सपाट पसरते आणि प्रकाश एकसारखा परावर्तित होऊ लागतो. म्हणजे वजन, दाट ब्रश आणि पातळ थर या तिन्ही गोष्टी असल्या तरच चमक येते. कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांतील लाल सिमेंटच्या जमिनीलाही मेण लावून हाताने घासतात आणि तिथे ते शोभतेही, कारण ती जमीन थोडे मेण शोषते. आजच्या व्हिट्रिफाइड (भाजून काचेसारख्या घट्ट केलेल्या) लाद्यांची पाणी शोषण्याची क्षमता ०.५ टक्क्यांहूनही कमी असते, त्यामुळे मेण त्यांच्यात मुरतच नाही आणि वर राहून निसरडे होते. कोणत्याही लादीवर चालते असे जो सांगतो त्याला लादीतले काही कळत नाही किंवा तो कळून खोटे बोलतो आहे.

नंतर बोलावलेल्या पॉलिशवाल्यांनी आधी मेणाच्या थरावर नख ओढले, तर त्याची काळी गुंडाळी निघाली. मग त्यांनी मला दरवाजाजवळच्या त्या ‘डेमो’च्या लादीवरून हात फिरवायला सांगितले. बाकीच्या लाद्या निस्तेज होत्या तरी गुळगुळीत होत्या. ही मात्र हाताला खरखरीत लागत होती. चिपांची कड झिजली होती आणि मधल्या सिमेंटमध्ये बारीक छिद्रे पडली होती. त्यांच्या मते पहिल्या बाटलीत ॲसिड होते. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर ॲसिड पडले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटून फेस येतो. मळ म्हणून दाखवलेला तो पांढरा फेस म्हणजे विरघळणारी लादीच होती. कोटा आणि शहाबादी फरशीही चुनखडीच्या जातीची असल्यामुळे तिच्यावरही असाच फेस येतो. स्वयंपाकघराच्या संगमरवरी ओट्यावर लिंबाचा रस सांडून राहिला की डाग पडतो, तोही याच कारणाने. दुसऱ्या बाटलीतल्या तेलाने ती छिद्रे तात्पुरती भरली. कोरड्या पाट्यावर पाणी ओतले की तो क्षणभर गडद आणि तुळतुळीत दिसतो, तशी ती चमक होती. यंत्राचा त्या चमकीशी काहीही संबंध नव्हता.

दरवाजाशी कोणी असे प्रात्यक्षिक दाखवायला आले आणि त्याला थांबवणे जमले नाही, तर निदान त्याच्या बाटल्या बाजूला ठेवायला सांगा आणि नुसते यंत्र व मेण वापरून, तुम्ही निवडलेल्या लादीवर, तुमच्या हाताने काम करून पाहा. यंत्र जमिनीवर दाबून ढकलताना ब्रश फिरतात का ते वाकून बघा. आमच्या इमारतीतल्या एका ताईंनी हे दोनच प्रश्न विचारले, तेव्हा त्या दोघांनी दुसऱ्या घरी उशीर होतो असे सांगून सामान आवरले.

मेणाचे डबेही पाहण्यासारखे होते. २०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार बंद पाकिटातल्या वस्तूवर उत्पादक, आवेष्टक (पॅकिंग करणारा) किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, निर्मितीचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. आमच्या डब्यांवर एका चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि दोन्हींवर उत्पादकाचा पत्ता नव्हता. पावतीवरचा जीएसटी क्रमांक मी जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला. हा क्रमांक १५ अंक-अक्षरांचा असतो आणि त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७. भिवंडीचा पत्ता असलेल्या पावतीवरचा क्रमांक दुसऱ्याच आकड्याने सुरू होत होता आणि तिथे भलत्याच राज्यातील, भलत्याच नावाच्या व्यापाऱ्याची नोंद होती. पैसे देण्याआधी पावती हातात घेऊन कोणालाही दोन मिनिटांत करता येण्यासारखी ही तपासणी आहे. दिलेला मोबाइल क्रमांक सुरुवातीला वाजत असे. ‘सर्व्हिसचा माणूस येईल’ असे उत्तर मिळे. मी पावतीवरच्या जीएसटी क्रमांकाचा विषय काढल्यावर तो मोबाइल कायमचा बंद झाला.

थेट विक्रीसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने जे नियम केले त्यांत विक्रेत्याने ओळखपत्र बाळगावे, आपली व कंपनीची खरी ओळख सुरुवातीलाच द्यावी आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असे म्हटले आहे. म्हणून ‘आधी वेळ घेऊन या’ असे सांगून दार लावून घेण्यात काहीही उद्धटपणा नाही, आणि हे मी आईला आवर्जून सांगितले, कारण दारी आलेल्याला पाणी न विचारता परत पाठवणे तिच्या जिवावर येते.

फसवणूक झालीच असेल तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. खोटी ओळख, खोटे परवानगीपत्र आणि खोटा कर क्रमांक हा प्रकार केवळ खराब मालाचा नाही, म्हणून आम्ही पोलीस ठाण्यातही अर्ज दिला आहे. फसवणुकीचे कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे आणि ते १ जुलै २०२४ पासून लागू आहे. अर्जासोबत पावती, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, डब्यांची आणि उघडलेल्या यंत्राची छायाचित्रे, डॉक्टरांची चिठ्ठी, सचिवांचे पत्र आणि पॉलिशवाल्यांनी लिहून दिलेला अभिप्राय जोडला. वरच्या मजल्यावरच्या काकांनीही स्वतंत्र अर्ज दिला, आणि दोन अर्ज एकत्र आल्यावर आमचे म्हणणे अधिक गांभीर्याने ऐकले गेले, असा माझा अनुभव आहे.

ज्यांच्या घरी हे मेण आधीच लागले आहे त्यांनी त्यावर आणखी मेण लावू नये, ॲसिड तर मुळीच वापरू नये. आमच्याकडे पॉलिशवाल्यांनी खिडक्या उघड्या ठेवून, गॅस बंद करून, टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापडाने थोड्या थोड्या भागातला थर काढला, मग साबणाच्या कोमट पाण्याने जमीन धुतली आणि ती पूर्ण वाळेपर्यंत वडिलांना त्या खोलीत येऊ दिले नाही. ते यंत्र, डबे आणि खोके फेकून देऊ नका. आमची तक्रार अजून सुरू आहे आणि पुरावा म्हणून ते सर्व आम्ही तसेच बांधून ठेवले आहे. तुमच्याकडेही भिवंडीच्या पत्त्याची अशी पावती असेल तर ती जपून ठेवा आणि आपापल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या.