दंडावर बांधायचे रक्तदाब यंत्र : आठ महिन्यांच्या वापरानंतरचे मत

वडिलांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकाराचे ठिपके दिसले, तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांनी विसरभोळेपणावर गोळी लिहून देण्याआधी घरी रोज रक्तदाब मोजायला सांगितले. वय वाढते तसे महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, भिंतीतील लवचीक तंतू झिजतात आणि भिंत ताठर होते. मग हृदयाच्या ठोक्याचा जो हिसका ती पूर्वी स्वतःच्या अंगावर झेलत असे, तो थेट मेंदूतील नाजूक वाहिन्यांपर्यंत पोचतो आणि वर्षानुवर्षे त्यांना इजा करत राहतो. ताठरपणा वाढला की वरचे बीपी चढते, खालचे मात्र उतरू लागते. खालचा आकडा चांगला आहे म्हणून आम्ही इतकी वर्षे निश्चिंत होतो, याची खंत वाटते.

यंत्र मनगटावरचे न घेता दंडावरचे घेतले, हे योग्यच झाले. आकडे ठळक आहेत, दोन व्यक्तींच्या नोंदी वेगळ्या राहतात आणि ठोके अनियमित असल्यास तशी खूण उमटते. दोन्ही आकड्यांतील अंतर मात्र ते दाखवत नाही. उतारवयात हे अंतर ६० किंवा त्याहून अधिक राहिले तर तो धमन्या ताठरल्याचा संकेत मानला जातो, त्यामुळे ही उणीव मला मोठी वाटते. आम्ही ते वहीत स्वतंत्र रकान्यात लिहितो.

खरी अडचण पट्ट्याची झाली. सोबत आलेला पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी होता, बाबांचा दंड ३४ सेंटिमीटरचा. तोकड्या पट्ट्याने बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसते, हे दुकानदाराने सांगितले नाही आणि माहितीपत्रकातही ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होते. मोठा पट्टा वेगळे पैसे भरून मागवावा लागला. त्यानंतर पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा घेतलेल्या सात दिवसांच्या नोंदी डॉक्टरांनी पाहिल्या, पहिला दिवस वगळून सरासरी काढली आणि औषधाची मात्रा बदलली. घरच्या मोजणीत १३५/८५ ही मर्यादा धरतात, दवाखान्यातली १४०/९० नव्हे.

या खटाटोपामागे आधार आहे. अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ चाचणीत पन्नाशीपुढील ९,३६१ लोक होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वरचे बीपी १२० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात, १४० चे उद्दिष्ट असलेल्या गटापेक्षा, सौम्य बोधनऱ्हास (स्मरणशक्ती व विचारशक्तीतील सौम्य घट) १९ टक्क्यांनी कमी आढळला. स्मृतिभ्रंशातील फरक मात्र निर्णायक ठरला नाही, आणि हे उद्दिष्ट प्रत्येक वृद्धाला झेपेलच असे नाही, म्हणून यंत्रावरचा आकडा पाहून गोळ्या परस्पर वाढवू नयेत.

यंत्र घ्यावे, असेच माझे मत आहे. दुकानात जाण्यापूर्वी दंडाचा घेर टेपने मोजून न्यावा.