अपडेटनंतर लॅपटॉप ‘रिकव्हरी की’ मागायला लागला म्हणून वहिनींचे १४,५०० रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत

अपडेट झाल्यावर लॅपटॉप चालू करताना निळी स्क्रीन आली, वर ‘बिटलॉकर रिकव्हरी’ लिहिलंय आणि खाली लांबलचक आकडा टाकायला जागा दिलीय, असं काही दिसलं तर कृपया आधी हे वाचा आणि मगच लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात न्या. तुमची हार्ड डिस्क गेलेली नसते, डेटा उडालेला नसतो, व्हायरस तर नसतोच. माझ्या वहिनींना हार्ड डिस्क खराब झालीय, डेटा जाणार म्हणून सांगण्यात आलं, १४,५०० रुपये घेतले, आतली एक रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून घेतली आणि मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतोय तर त्यांच्याकडून मेलचा पासवर्ड घेतला. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, आपल्या सोलापुरातलंच आहे, गर्दीचं आहे, बोर्ड मोठा आहे, एवढंच.

वहिनी भवानी पेठेत घरूनच अकाउंटचं काम करतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले, काही चादरीवाले, शेंगा चटणी करून विकणाऱ्या एक मावशी, असे छोटे छोटे लोक, ज्यांना मोठा सीए परवडत नाही. त्या सगळ्यांचं टॅली, जीएसटी, बँकेची स्टेटमेंटं एका लॅपटॉपवर. त्यामुळं तो लॅपटॉप बंद म्हणजे नुसतं वहिनींचं काम थांबलं असं नसतं, दहा घरांचे कागद अडकतात. मागच्या महिन्यात १८ तारखेला रात्री काम संपवून त्यांनी ‘अपडेट अँड शट डाउन’ केलं आणि १९ ला सकाळी बटण दाबलं तर ही निळी स्क्रीन. २० तारीख म्हणजे जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायची शेवटची तारीख, दादा ड्युटीवर, मी पुण्यात, मग त्या रिक्षा करून एकट्याच लॅपटॉप घेऊन गेल्या.

काउंटरवरच्या माणसानं स्क्रीन बघितली आणि म्हणाला, ‘ताई, हार्ड डिस्क लॉक होऊन करप्ट झालीय, डेटा जायच्या मार्गावर आहे, आता हात लावू नका.’ वहिनी घाबरल्या, कोण नाही घाबरणार. मग तो म्हणाला आमच्याकडं डिक्रिप्शनचं स्पेशल सॉफ्टवेअर आहे, ते रात्रभर चालवावं लागतंय, लॉक तोडायचे १४,५०० होतील, ५,००० आत्ता द्या. पैसे पर्सनल नंबरवर यूपीआयनं. पावती मागितली तर ‘मशीन नेताना देतो की’. त्यानंतर ‘व्हेरिफिकेशनसाठी लागतंय’ म्हणून मेल आयडी आणि पासवर्ड एका कागदावर लिहून घेतला आणि वहिनी घरी पोचायच्या आत फोन करून मोबाईलवर आलेला कोड पण विचारून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला तर ‘चालूच आहे ताई, ८० टक्के झालंय’. लॅपटॉप हातात मिळाला तो २० ला संध्याकाळी पाचनंतर, तेही राहिलेले ९,५०० दिल्यावर. रात्री पोर्टल नेहमीसारखं अडकत होतं, काही रिटर्न राहिलेच, त्यांची दिवसाला ५० रुपयांची लेट फी वहिनींनी गिऱ्हाईकांना न सांगता स्वतःच्या खिशातून भरली.

मी शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं घरी आलो तेव्हा जेवताना त्यांनी हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाल्या, ‘डेटा वाचला हो भावजी, पैसे गेले तर गेले.’ हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण ऑफिसात माझं कामच कॉम्प्युटर सपोर्टचं आहे, ही स्क्रीन मी नेहमी बघतो आणि ‘रात्रभर डिक्रिप्शन’ असा काही प्रकारच नसतो.

नीट सांगतो. हल्लीच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपमध्ये आपण मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं पहिल्यांदा लॉगिन केलं की डिस्कवरचा डेटा आपोआप एन्क्रिप्ट होतो, म्हणजे कुलूपबंद होतो, या कुलपाचं नाव बिटलॉकर, होम व्हर्जनमध्ये याला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात, आपल्याला वेगळं कुणी विचारत पण नाही. २०२४ च्या शेवटी आलेल्या २४एच२ व्हर्जनपासून तर हे आणखी जास्त मशीनवर चालू असतं. एरवी कळत नाही, कारण मदरबोर्डवरची टीपीएम नावाची चिप चालू होताना सगळं तपासते आणि स्वतःच कुलूप उघडते. पण अपडेटमध्ये बायॉसचं फर्मवेअर, म्हणजे मशीन चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर, बदललं किंवा सिक्युअर बूट या चालू होतानाच्या सुरक्षा तपासणीत काही बदल झाला की त्या चिपला मशीन अनोळखी वाटतं आणि मग विंडोज मालकाकडं ४८ आकडी की मागतं. किल्ली मागितली म्हणजे घर पडलं असं होत नाही. वहिनींच्या लॅपटॉपची अपडेट हिस्ट्री उघडली तर ड्रायव्हरच्या यादीत १८ तारखेला फर्मवेअरची नोंद सरळ दिसत होती.

आणि हे फक्त वहिनींच्याच लॅपटॉपला झालं असंही नाही. जुलै २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर बऱ्याच मशीनवर हीच स्क्रीन आली होती, मायक्रोसॉफ्टनं स्वतः मान्य केलं आणि ऑगस्टच्या अपडेटमध्ये दुरुस्त केलं. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या काही मशीनवर परत तेच, तेव्हा तातडीचं वेगळं अपडेट काढावं लागलं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या खराब अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले, विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहिले, ते आठवत असेल, त्यात पण ज्या ज्या मशीनवर बिटलॉकर होतं तिथं आयटीवाल्यांना आधी ही की शोधत बसावं लागलं होतं. म्हणजे हे होत असतं, आणि मार्ग ठरलेला असतो.

मार्ग असा की ती की बहुतेक वेळा तुमच्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. मोबाईलवरच्या ब्राउझरमध्ये ‘एकेए डॉट एमएस स्लॅश मायरिकव्हरीकी’ हा पत्ता इंग्रजीत टाकायचा, आपल्या मेल आयडीनं लॉगिन करायचं, मोबाईलवर आलेला कोड आपणच टाकायचा, समोर की दिसते. निळ्या स्क्रीनवर ‘रिकव्हरी की आयडी’ असतो, त्याचे पहिले आठ अक्षर-आकडे जुळवून बघायचे आणि त्याच्यासमोरचे ४८ आकडे टाकायचे, सहा सहाचे आठ गट असतात. झालं, लॅपटॉप चालू. पैसे शून्य. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की ऑफिसच्या आयटीकडं असते. आणि एक गोष्ट लोकांना माहीतच नसते, नवीन लॅपटॉप घेताना दुकानदारानं स्वतःच्या मेल आयडीनं सेटअप करून दिला असेल तर की त्याच्या अकाउंटमध्ये जाऊन बसलेली असू शकते, म्हणून घेतानाच आपल्या आयडीनं लॉगिन करायचं, ‘तुम्ही राहू द्या आम्ही करून देतो’ म्हटलं तरी.

की कुठंच सापडली नाही तर काय, हे पण स्पष्ट लिहितो. मग डेटा मिळत नाही. मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट सुद्धा हरवलेली की देऊ शकत नाही, नवीन बनवून देऊ शकत नाही, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. फॉरमॅट करून मशीन परत वापरता येतं, पण आतलं गेलं. त्यामुळं ‘आम्ही बिटलॉकर तोडून डेटा काढून देतो’ म्हणणारा माणूस एक तर खोटं बोलतोय किंवा तुमच्याच अकाउंटमधून तुमचीच की काढून तुम्हालाच विकतोय.

वहिनींच्या बाबतीत दुसरं झालं होतं आणि ते आम्हाला पुराव्यासकट सापडलं. मेल उघडला तर १९ तारखेला दुपारी १२:४० ला मायक्रोसॉफ्टचा कोड आलेला, त्यानंतर अकाउंटच्या ‘रीसेंट ॲक्टिव्हिटी’मध्ये एका वेगळ्याच कॉम्प्युटरवरून लॉगिन झाल्याची नोंद, ठिकाण सोलापूर. या पानावर मागच्या ३० दिवसांचं सगळं दिसतं, वेळेसकट. मग लॅपटॉपवर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडला. त्यात मशीन कधी चालू झालं, कधी बंद झालं याची नोंद विंडोज स्वतः ठेवतं. १९ तारखेला १२:५५ ला विंडोज व्यवस्थित चालू झालेलं होतं! वीसेक मिनिटांनी बंद केलं आणि त्यानंतर थेट २० ला संध्याकाळी चालू केलं, वहिनी घ्यायला गेल्या तेव्हा. म्हणजे ‘८० टक्के झालंय’ म्हणून सांगत होते त्या वेळी लॅपटॉप बंद होऊन कपाटात पडला होता. एक वाजता फोन करून ‘ताई घेऊन जा’ म्हटलं असतं तर सगळे रिटर्न वेळेत गेले असते. तारीख माहीत असून त्यांनी ते अडकवून ठेवलं, कारण लगेच दिलं तर १४,५०० कुणी देणार नाही.

रॅमचं तर योगायोगानं कळलं. टॅली आणि ब्राउझर एकत्र उघडलं की लॅपटॉप अडकायलाय असं वहिनी म्हणत होत्या, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी बघितलं तर ८ जीबी, खाली ‘स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २’. खरेदीच्या बिलावर १६ जीबी लिहिलंय, ८ च्या दोन.

शनिवारी दादा, वहिनी आणि मी प्रिंटआउट घेऊन दुकानात गेलो. आधी म्हणाले, ‘साहेब, नॉलेजचे पैसे असतात.’ असतात ना, मी पण त्याच कामाचा पगार घेतो. त्यानं जर सरळ सांगितलं असतं की तुमची की तुमच्या अकाउंटमध्ये आहे, मी काढून देतो, पाचशे द्या, तर वहिनींनी आनंदानं दिले असते, वर धन्यवाद म्हटलं असतं. हार्ड डिस्क गेली म्हणून घाबरवणं, चालू झालेलं मशीन दीड दिवस दाबून ठेवणं, हे नॉलेज कसं होईल? रॅमबद्दल ‘पोरानं चुकून दुसऱ्या मशीनला लावली असंल’ म्हणून ड्रॉवरमधून एक काढून दिली, ती बसवून, १६ दिसल्याशिवाय आम्ही तिथून हललो नाही. पैसे परत द्यायला नकार. बिलाचा हट्ट धरल्यावर साध्या कागदावर ‘सर्व्हिसिंग १४,५००’ लिहून दिलं, जीएसटी नंबर नाही काही नाही. तो कागद सुद्धा कामाचा आहे, घ्याच.

पण खरं काम त्यानंतर होतं. वहिनींच्या त्या मेल अकाउंटला वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन स्टोरेज, जोडलेलं, त्यात गिऱ्हाईकांची पॅन कार्डं, बँक स्टेटमेंटं, एका फाईलमध्ये सगळ्यांचे जीएसटी पोर्टलचे लॉगिन. त्या अनोळखी कॉम्प्युटरवर आपलं अकाउंट अजून उघडं असेल का, हा विचार करून वहिनींना दोन रात्री झोप नाही. पासवर्ड बदलला, सगळीकडून साइन आउट केलं, त्याला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं, मेलला भलताच फॉरवर्डिंगचा नियम लावून ठेवलाय का ते तपासलं, आणि मग एकेका गिऱ्हाईकाला फोन करून पोर्टलचे पासवर्ड बदलले. चटणीवाल्या मावशींना समजावायला वहिनी स्वतः घरी गेल्या. कुणी काही बोललं नाही, उलट धीर दिला, पण इतक्या वर्षांचा विश्वास असतो, तो सांभाळायला किती जड जातं हे मी बघितलंय. म्हणून पासवर्ड आणि कोड दुकानात देऊ नका, कितीही ओळखीचं दुकान असो. लॉगिन करायची वेळ आलीच तर समोर उभं राहून स्वतःच्या हातानं टाका.

सगळे रिपेअरवाले असे असतात असं मी अजिबात म्हणणार नाही. आमच्या ओळखीचे एक काका कितीतरी वर्षं हेच काम करतात, त्यांना विचारलं तर म्हणाले अशी केस आली की आम्ही मशीन उघडतच नाही, गिऱ्हाईकालाच त्याच्या मोबाईलवर की शोधायला लावतो, आणि मशीन ठेवून घ्यायचंच असेल तर सीरियल नंबर, रॅम, एसएसडी किती जीबी हे जॉब कार्डवर लिहून देतो. तुम्ही पण तेवढं लिहून मागा, कामानंतर जुना पार्ट परत मागा.

अपडेटनंतर की न मागता नुसती काळी स्क्रीन किंवा गोल फिरत राहिलं तरी लगेच दुकान गाठू नका. लोगो आला की पॉवर बटण दाबून धरून बंद करा, असं दोन-तीनदा लागोपाठ झालं की विंडोज स्वतः रिपेअरचा मेनू आणतं, त्यात ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असतं, शेवटचं अपडेट काढून बघा. आणि गूगलवर ‘विंडोज हेल्पलाइन’ शोधून सापडलेल्या नंबरला फोन नका लावू, मायक्रोसॉफ्टच्या एररमध्ये कधीच फोन नंबर नसतो. तसं कुणाला लावून पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कॉल करा, उशीर झाला की पैसे पुढं सरकतात.

आमची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, नोंदवलीय. लॉगिनच्या नोंदी, इव्हेंट व्ह्यूअरचे फोटो, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि तो साधा कागद, सगळं जोडलंय. पासवर्डबद्दल सायबर पोलीस स्टेशनला वेगळा अर्ज दिलाय. दुकानाकडून अजून उत्तर नाही, तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं वहिनींनी स्वतःच ठरवलंय आणि दादा त्यांच्यासोबत आहे. सोलापुरात अजून कुणाकडून ‘डिक्रिप्शन’च्या नावाखाली पैसे घेतले असतील तर रीसेंट ॲक्टिव्हिटीचं पान ३० दिवसांच्या आत उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्यानंतर ती नोंद तिथं दिसत नाही.