रात्री तीनची धडधड आणि भ्रामरी: सात महिन्यांचा अनुभव

बाबा गेल्यानंतर मला रोज रात्री तीनच्या सुमारास जाग येऊ लागली. छातीत धडधड, तळहात ओले, मग उजाडेपर्यंत टक्क जागी. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी श्वासाचा काही सराव करायला सांगितला, म्हणून भ्रामरी धरली, म्हणजे ओठ मिटून नाकानं श्वास सोडताना भुंग्यासारखा हुंकार भरायचा. हठयोगातल्या आठ कुंभकांपैकी, म्हणजे श्वास रोखण्याच्या प्रकारांपैकी, ही एक. मी मात्र श्वास अजिबात रोखत नाही, फक्त हुंकार.

पहिले पंधरा दिवस चुकीचं करत होते. हुंकार जितका लांब तितका चांगला, अशा समजुतीनं शेवटचा श्वाससुद्धा पिळून काढायचे. मग पुढचा श्वास धापेसारखा आत यायचा आणि गरगरायचं. योग शिकवणारी मावशी एकदा शेजारी बसली. म्हणाली, "अगं, शेवटी आवाज थरथरतोय बघ. थरथरायच्या आधी सोडून द्यायचा. आणि दात कशाला आवळलेस?" ओठ नुसते टेकलेले, दात सुटे, सूर खालचा. एवढ्यानं सगळं बदललं. नुसता दीर्घ श्वास घेताना मी ओढाताण करत होते आणि ती कळत नव्हती. हुंकारात ती लगेच ऐकू येते. माझ्यासाठी या आवाजाची खरी किंमत हीच.

श्वास आत घेताना नाडी जरा जलद चालते, सोडताना मंदावते. मंदावण्याचं हे काम व्हेगस नावाची मज्जातंतू करते. हुंकारानं श्वास आपोआप सावकाश बाहेर जातो, म्हणजे मंदावायला जास्त वेळ मिळतो. मनगटावर बोट ठेवलं की हे स्वतःलाच कळतं. २००२ साली स्टॉकहोममधल्या संशोधकांना हुंकार भरताना नाकातला नायट्रिक ऑक्साइड हा वायू साध्या उच्छ्वासाच्या सुमारे पंधरापट आढळला होता. पण तो अभ्यास नाक आणि सायनसमधल्या (नाकाभोवतीच्या पोकळ्यांमधल्या) हवेचा होता. मन शांत होण्याचा पुरावा म्हणून तो सांगितला जातो, ते मला पटत नाही.

जाग अजूनही येते, आठवड्यातून एक-दोनदा. फरक असा, की आता कुशीवर पडूनच, एक हात छातीच्या हाडावर ठेवून आठ-दहा हुंकार भरते. हाताला कंप जाणवतो, लक्ष तिथं राहतं आणि बहुतेक वेळा डोळा लागतो. भ्रामरीत बोटांनी कान बंद करतात, ते मी सोडलं, मला आतून कोंडल्यासारखं व्हायचं. लोकलमध्येही करते, पंख्याच्या घरघरीत कुणाला ऐकू जात नाही.

सर्दीत जमत नाही, नाक चोंदलं की उलट घुसमट होते. आणि धडधड नवी असेल तर आधी तपासणी करून घ्याच, मीही केली होती.

बाबांच्या वर्षश्राद्धाच्या रात्री तिसऱ्या हुंकाराला रडू फुटलं. त्या रात्री पुढचे हुंकार भरलेच नाहीत. उठून आईच्या खोलीत गेले, तीही जागीच होती.