बागेतलं एकटं घर की वाडीतलं?

कोकणात कायमचं राहायला यायचं ठरलं की हा पेच पडतोच. आंब्या-काजूच्या बागेत घर बांधून सगळं घरचं पिकवून खायचं, की वाडीत चार माणसांत राहायचं? दापोली तालुक्यात मी दोन्ही करून बघितलंय.

बागेतल्या घराची ओढ खोटी नाही. परसात पडवळ-दोडकी, गोठ्यात गाय, गोबरगॅसवर चहा. तांदूळ, नारळ, कोकम घरचं. बाजारातून मीठ, साखर, तेल आणलं की झालं. मात्र हे सगळं करतं कोण, ते आधी बघा. मे महिन्यात आंबा उतरवायचा, त्यातच फणसपोळी, कोकमाचं आगळ, पापड. वाडीत पापड लाटायला शेजारच्या चौघी येतात, बागेत सगळं एकटीच्या अंगावर.

माझं गाडं अडलं ते गाईपाशी. ती दोन्ही वेळेला पिळायलाच लागते, आणि आमची गाय बायकोशिवाय कोणाला कासेला हात लावू देईना. ही माहेरी कार्याला गेली की मी तांब्या घेऊन बसायचो. गाय मान वळवून माझ्याकडे बघायची आणि पान्हा चोरायची. वासरू सोडा, आंबोण घाला, उपयोग शून्य. दोघांनी मिळून लग्नाला जाणं बंदच झालं. कोणाला हे किरकोळ वाटेल. आम्हाला नाही वाटलं.

वाडीतही सुख उतू जात नाही. ओसरीवर येऊन काय शिजतंय ते विचारणार, गावकीच्या बैठकीला दांडी मारली की बोलणी बसणार, वर्गण्या वेगळ्याच. पण भाताची रोपं तीनेक आठवड्यांची झाली की लावणी थांबत नाही, तेव्हा सावडीची, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबणारी माणसं लागतात. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात पोफळी आडव्या झाल्या, वीज कित्येक दिवस नव्हती. वाडीतली पोरं कोयते-करवती घेऊन निघाली आणि आमची वाट दुसऱ्याच दिवशी मोकळी झाली. बागेकडची तशीच पडून होती.

घरात राबणारी चार माणसं असतील तर बाग खुशाल निवडा. दोघंच असाल तर मी म्हणेन, वाडीत राहा, परसबाग करा, दूध शेजाऱ्याकडून घ्या. फक्त विहिरीचा हिस्सा आणि पायवाटेचा हक्क खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्या.